हाली रुपया, कलदार रुपया

पहाटे तीन-साडेतीनला वाड्याची कडी वाजली की आजी अंथरुणातूनच म्हणायची, "आला बाप्पा, खिळे घेऊन!" मामा आत यायचा, सदऱ्याचे दोन्ही खिसे ओसरीवर उलटे करायचा आणि वाकडेतिकडे खिळे शहाबादी फरशीवर घरंगळत जायचे. नाटकाचा सेट काढताना लेव्हलमधून, म्हणजे लाकडी चौथऱ्यांतून, आणि फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतींच्या, चौकटीतून उपसलेले. दुसऱ्या दिवशी मिलमधून आल्यावर तो ते दगडावर ठेवून एकेक सरळ करी. मी पकडीत खिळा धरायचो, तो ठोकायचा. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून तिरकं उगवतं ते त्यामुळेच. आई म्हणायची, छे, ते दारात सापडून झालं. कोणाचं खरं, देव जाणे.

मामा आमच्या औरंगाबादच्या गिरणीत होता. हो, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण मामाच्या गोष्टीत औरंगाबादच येणार. शहरात कापडगिरणी उभी राहिली 1889 साली, रेल्वे यायच्या दहाएक वर्षं आधी. आज रिक्षावाल्याला गिरणी विचारा, तो तुम्हाला मिल कॉर्नरला उतरवील. तर दिवसा मामा युनियनचा माणूस. वर्गणीची पावती, पगाराची ठरलेली तारीख, जादा तासांचा हिशेब. आणि गावात नाटक आलं की रात्री हाच माणूस सायकल मारत जायचा, ट्रकमधून फ्लॅट उतरवायचा, विंगेत बसून पडद्याची दोरी ओढायचा आणि हातावर पडेल ते घेऊन घरी यायचा. वर हे खिळे.

मुंबईहून नाटकाची बस यायची. बसमधून उतरणारे पडद्यामागचे लोक रंगमंच कामगारांच्या संघाचे. त्यांची नाईट ठरलेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाईट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. नटाला नाईट, दिवे सांभाळणाऱ्याला नाईट, कपडेपटवाल्याला नाईट. आकडे अर्थात जमीन-अस्मानाचे. दुपारचा प्रयोग असला तरी नाईटच! प्रयोग झाला की मॅनेजर पाकिटं वाटायचा. इथून बोलावलेल्या चार-सहा जणांच्या नावाचं पाकीट त्यात नसे. त्यांच्या मुठीत गावचा ठेकेदार काहीतरी कोंबायचा आणि ते किती, हे लोक उजेडात जाऊन मोजायचे.

"आपण हाली माणसं, भाचेबुवा. ते कलदार," मामा म्हणायचा.

हे बोलणं मुळात आजोबांचं. मराठवाड्यात निजामाचं राज्य, त्यामुळे आमच्याकडे हाली सिक्का चाले. पलीकडे इंग्रजी मुलखात कलदार. सहा कलदार घ्यायला सात हाली मोजावे लागत. आजोबांच्या लहानपणी नाटक कंपन्यांचे मुक्काम पडत. कंपनी नेमकी कोणती ते त्यांना धड आठवत नसे. एकदा एक नाव सांगत, दुसऱ्या खेपेला दुसरंच. पण एवढं पक्कं आठवे, की कंपनीचा माणूस मागायचा कलदार आणि पडदे वाहणाऱ्या इथल्या गड्याला मिळायचा हाली. "दोघांनीबी एकच बासन उचललं, पण त्याच्या रुपयाला वजन जास्ती," असं म्हणून आजोबा चंची सोडायचे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. पुढे काही वर्षांत हालीही गेला. आमच्या घरात मात्र शब्द टिकला.

जुन्या कंपन्यांचं एक बरं होतं म्हणे. पगार थकेल, पण पंगत चुकायची नाही. नट, वादक, पडदेवाले, सगळे कंपनीच्या मुदपाकखान्यात जेवणार. आजोबांनी तिथलं श्रीखंड खाल्लं होतं, निदान तसं ते सांगत. दरवर्षी वाटी मोठी होत गेली हे वेगळं. पुढे बोलपट आले, तिसाच्या दशकात कंपन्या एकामागून एक बसल्या. महिन्याचा पगार गेला, पंगत गेली, आणि हळूहळू प्रयोगागणिक पैशांची रीत रुळली. प्रयोग झाला तर चूल. मुंबईच्या पडद्यामागच्या लोकांना संघ करावासा वाटला तो काही हौस म्हणून नव्हे.

मामाला सगळ्यात आवडायचं 'तो मी नव्हेच'. अत्र्यांचं नाटक, पणशीकरांचा लखोबा आणि तो फिरता रंगमंच. 1962 साली दिल्लीत पहिला प्रयोग झाला आणि मग ते नाटक गावोगाव हिंडलं. औरंगाबादच्या प्रयोगाला रंगमंच फिरवायला आपण हात लावला होता, असं मामा सांगायचा. खरं असेल किंवा नसेलही. ते सांगताना तो दोन्ही तळवे पुढे करून घट्टे दाखवायचा आणि घट्टे तर मिलमध्येही पडत होते. उलट लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' बघून आला तेव्हा हसून हसून डोळे पुसत होता आणि तरी हळहळला, "बावन्न माणसं उभी केली एकट्यानं, अन् हमाल एकबी लागला नाई!"

हमालावरून आठवलं. मामाच्या जोडीदारांपैकी दोघे मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले. मोंढ्यात पोत्यामागे हमाली ठरलेली. माथाडी कायदा 1969 चा. त्यानंतर ओझं वाहणाऱ्याच्या नावाची कुठे तरी नोंद होण्याची वाट तयार झाली. तेच दोघे रात्री नाटकाची लेव्हल खांद्यावर घेत, आणि त्या लेव्हलला मात्र दर नव्हता. "काहून की पोतं धान्याचं अस्तं, अन् ही कला हाये," मामा म्हणायचा. 'कला' म्हणताना नाक जरा वर करून.

आता माझी गोष्ट. ही मामानं कधी कुणाला सांगितली नाही, म्हणून मीच सांगतो. राज्य नाट्यस्पर्धा 1954 पासूनची. मराठवाडा मुंबई राज्यात आला 1956 ला, त्यामुळे आमच्याकडे ती जरा उशिरा पोचली, पण एकदा पोचल्यावर आमच्या गावाला तिचं वेडच लागलं. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही 'जिगीषा'ची पोरं इथूनच मुंबईला गेली आणि 1991 ला 'चारचौघी' घेऊन उभी राहिली. त्याआधी आणि नंतरही आमच्यासारखे शेकडो जण इथेच राहून तोंडाला रंग लावत होते. आमच्या नाटकाचा सेट मामानं आणि त्याच्याबरोबरच्या एका पोरानं लावला. महिनाभर तालमीत आजीनं पातेलंभर चुरमुऱ्यांचा सुशीला पाठवला होता, वरून शेंगदाणे आणि कोथिंबीर. प्रयोग झाला, फोटो काढले, एकमेकांच्या गळ्यात पडलो. ते पोरगं हातोडी धरून बाजूला उभं. "दादा, माझं?" मी हिशेबाची वही उघडली, बोललो होतो त्याच्या निम्मे दिले आणि वर म्हणालो, "अरे, हौशी नाटक आहे. आम्हीही फुकटच केलं."

मामा तिथेच खिळे उपसत होता. काही बोलला नाही. सायकलवर डबलसीट घरी येताना औरंगपुऱ्याच्या चढावर दम खायला थांबला आणि म्हणाला, "हौस तुला व्हती. त्याला कुठं व्हती?" पुढे घरापर्यंत गप्प. उरलेले निम्मे मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले, असं मला आठवतं. दिले होते की नुसतं ठरवलं होतं, याची आता या वयात खात्री देत नाही.

मामा गेला त्याला बरीच वर्षं झाली. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे नाट्यगृहांना कुलपं लागली तेव्हा तो नव्हता, ते एका परीनं बरंच. मुंबईत पडद्यामागच्या लोकांसाठी कलाकारांनी, संस्थांनी मदत उभी केली. पुरी पडली असेल असं नव्हे. महिनोन्‌महिने एकही नाईट नाही म्हटल्यावर पुरणार तरी कशी? पण निदान संघाकडे नावं होती. आमच्याकडचा एक जुना पडदेवाला मला फोनवर म्हणाला, "यादी कोन करनार, भाऊ? आमी कुटं नोंदलेलोच नाई." त्यानं तेव्हा भाजीचा गाडा लावला होता.

22 ऑक्टोबर 2021 ला नाट्यगृहं पुन्हा उघडली. त्यानंतर कधी तरी मुंबईचं एक नाटक आलं, मी अर्धा तास आधीच पोचलो आणि सवयीनं मागच्या दाराला गेलो. विशी-बाविशीचा एक मुलगा लेव्हल पाठीवर घेऊन पायऱ्या चढत होता. कपाळाचा घाम लेव्हलच्या कडेला पुसला जात होता. त्यानं ती खाली ठेवल्यावर मी विचारलं, "नाईट किती मिळते रे?"

"कसली नाईट?" तो म्हणाला. "देतेत काई तरी, सुटल्यावर."

"आधी ठरवत नाही?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीचा सदरा, हातात तिकीट.

"काहून? तुमी वाढवून देनार का काका?"

आत दुसरी घंटा झाली. तो पुढची लेव्हल आणायला ट्रककडे वळला आणि मी वळसा घालून पुढच्या दारानं आत गेलो.