देवळात न जाणारा वारकरी आणि त्याची धर्मशाळा

हेडफोन लावलेत ना? आज पंढरपूरला जाऊया. पण विठ्ठलाच्या गाभाऱ्यात नाही, बाहेरच थांबू.

साधारण शंभर वर्षांपूर्वीची आषाढी डोळ्यापुढे आणा. महार, मांग, चांभार समाजातले वारकरी शेकडो मैल चालत आलेत. त्यांना देऊळ बंद. चोखोबांच्या समाधीपाशी, महाद्वाराबाहेरून हात जोडायचे आणि मागे फिरायचं. बरं, फिरून जायचं कुठे? बाकीच्यांच्या धर्मशाळेत त्यांना पथारी टाकू देत नसत. मग चंद्रभागेचं वाळवंट. पावसात, लेकराबाळांसकट.

हे रोज बघणारा एक माणूस होता. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. त्यातच जेवायचं, तेच डोक्यावर. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. 1876 चा जन्म, अमरावतीकडच्या शेंडगावचा. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तन कसलं, सवाल-जवाबच! देवाला बकरं कशाला रं कापता, कर्ज काढून सण कशाला रं करता, असं समोरच्यालाच विचारायचे. स्वतः पंढरपुरात असूनही देवळात जायचे नाहीत. बाहेर रस्ता झाडत राहायचे.

लोक पैसे द्यायचे, पण बाबा स्वतःसाठी ठेवायचे नाहीत. त्यातून 1920 च्या सुमाराला पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. नाव बघा हं. ज्या संताला देवळाच्या पायरीशी अडवलं, त्याचंच. देऊळ उघडायला अजून बराच वेळ होता. त्यासाठी साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. तोवर निदान डोक्यावर छप्पर तरी झालं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 1949 मध्ये बाबांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आंबेडकर तेव्हा देशाचे कायदामंत्री. कर्मकांडावर कडाडून टीका करणारा हा माणूस. आणि वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती! आपण देणगी दिली की आधी पाटीवर नाव शोधतो. इथे आख्खी इमारत दिली. मला वाटतं बाबांचा हिशेब सरळ होता: आधी निवारा लागत होता, आता शाळा लागतेय.

दोघंही 1956 च्या डिसेंबरमध्ये गेले. बाबासाहेब 6 तारखेला, बाबा 20 ला.

मुंबईत राहत असाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत असेल. टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचाराला आलेले गावाकडचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. कधी त्या बाजूला गेलात तर बाहेर बसलेल्या एखाद्या काकांशी दोन शब्द बोला. कुठून आलात, एवढं विचारलं तरी ते बोलायला लागतील.