छातीवरची टकटक : पिंप की संगीत?

नर्सिंग शिकताना रुग्णतपासणीच्या चार पायऱ्या घोकून घेतात : पाहणं, चाचपणं, ठोकणं, ऐकणं. पोट तपासताना तेवढा क्रम बदलायचा. ठोकल्याने आतड्यांच्या आवाजात फरक पडू शकतो, म्हणून आधी स्टेथोस्कोप. यातल्या ठोकण्याचं मूळ संगीतात आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे तंत्र लिओपोल्ड आउएनब्रुगरचं. १७२२ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये जन्मलेला हा सराईवाल्याचा मुलगा. आपण माठ घेताना टिचकी मारून पाहतो, तसे वडील दारूच्या पिंपांवर ठोकून आत किती माल उरलाय हे ओळखायचे. मुलाने तेच रुग्णाच्या छातीवर केलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट झकास आहे, पण मला पटत नाही.

त्याचं लॅटिन पुस्तक १७६१ साली व्हिएन्नात निघालं. निरोगी छातीचा आवाज कसा? तर जाड लोकरी कापड घातलेल्या ढोलासारखा, असं तो त्यात लिहितो. उपमा वाद्याची आहे, पिंपाची नव्हे. बोटांची टोकं जुळवून सावकाश, हलक्या हाताने ठोकावं. रुग्णाच्या अंगातला सदरा ताणून धरावा किंवा हातात चामड्याचा मोजा घालावा, कारण उघड्या छातीवर उघडा हात आपटला की त्याचाच आवाज मिसळतो. हा तयार कानाचा चोखंदळपणा आहे. पुढे १७८१ साली सालिएरीच्या एका संगीतिकेची संहिता यानेच लिहिली. हायडनने १७८० मध्ये छापलेले सहा सोनाटे याच्याच दोन मुलींना अर्पण केलेले आहेत.

पिंपवाल्यांकडेही भक्कम पुरावा आहे. आउएनब्रुगरने प्रेताच्या छातीत पाणी भरून ठोकून पाहिलं. पाणी जिथवर, तिथवर आवाज दबका. हा तर सरळ पिंपाचाच प्रयोग! शिवाय संगीतिका आणि सोनाटे पुस्तकानंतर वीसेक वर्षांनी आले, हेही खरं. पण पिंप पातळी सांगतं, तेवढंच. हा माणूस चढा आवाज, दबका आवाज आणि मांडीवर थाप मारल्यावर येतो तसा मांसाचा आवाज वेगवेगळा ओळखत होता. पिंपाने फार तर प्रश्न सुचवला असेल; उत्तर ऐकणारा कान संगीताचाच होता.

पुढचं थोडक्यात. व्हिएन्नाने फारशी दखल घेतली नाही. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने १८०८ मध्ये फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे हे तंत्र रूढ झालं. १८२६ मध्ये पिओरीने छातीवर हस्तिदंती चकती ठेवून ठोकायला सुरुवात केली. आता चकतीचं काम डाव्या हाताचं मधलं बोट करतं. उजव्या हाताचं मधलं बोट मनगटातून सोडून त्यावर ठोका द्यायचा आणि बोट लगेच उचलायचं.

शस्त्रक्रियेनंतर लघवी तुंबलेल्या रुग्णाच्या ओटीपोटावर ठोकलं की भरलेल्या मूत्राशयाचा आवाज बद्द येतो, आणि त्याच्या वर, वायू असलेल्या आतड्यांवर, पोकळ. ही सीमा पुस्तक वाचून कळत नाही. शिकणाऱ्याने आधी स्वतःच्या मांडीवर, पोटावर, छातीवर ठोकून कान तयार करावा. गवई घडवायचा तर रियाज लागतो. नर्स घडवतानाही त्याला वेळ दिला पाहिजे.