पाझर तलाव ते पोलगहवेला

मे 1973. बीड जिल्ह्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर तुम्ही भर दुपारी उतरता, आणि आधी डोळ्यांत जाते ती माती. पुरुष टिकावानं मुरूम खणतायत, बाया घमेली वाहतायत. पलीकडे खडी फोडणाऱ्यांची रांग. दगड धरणाऱ्या बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेत; हातोडी निसटली तर नख तरी वाचावं. मुकादम हजेरीपट काखोटीला मारून फिरतोय. बाभळीच्या झोळीपाशी आठ-नऊ वर्षांची पोर भावाला झोका देतेय. तुम्ही तिच्या आईला शाळेचं विचारता. “साळंत गेल्यावर बारक्याला कोन संभाळंल?” म्हणत ती घमेलं डोक्यावर घेते.

सुट्टीत फडक्यातून निघते मिलोची भाकरी. परदेशातून आलेली ही तांबडी ज्वारी. पिठाला चिकटपणा नाही, थापतानाच कडेला भेगा पडतात. पोरांना सुकडी. नाक मुरडू नका. राज्यभरात या महिन्यात 50 लाखांच्या आसपास माणसं अशा दुष्काळी कामांवर आहेत, आणि लागोपाठ पाऊस दगा देऊनही 1943 च्या बंगालसारखी प्रेतं रस्त्यावर पडलेली नाहीत. हे थोडं नव्हे. पण बाई अडली तर भिस्त गावच्या सुईणीवर. देशात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी 130 च्या आसपास वर्षाच्या आत जातात. लिहिता-वाचता येणारी बाई पाचात जेमतेम एक.

आता दक्षिणेची गाडी धरा. धनुष्कोडीचा रेल्वेमार्ग 1964 च्या वादळानं नेला, म्हणून बोट रामेश्वरहून सुटते आणि तलैमन्नारला लागते. गेल्या मे महिन्यातच सिलोन या देशानं श्रीलंका हे नाव घेतलंय. आपल्या घरांना तो त्याच्या रेडिओवरच्या बुधवारच्या बिनाका गीतमालेपुरता ठाऊक. पंतप्रधानपदी दोन्हीकडे बाईच आहे, इकडे इंदिराबाई, तिकडे सिरिमाओ बंदरनायके; त्यावरून फार काही ठरत नाही, हे तुम्ही बीडमध्ये पाहिलंच आहे.

पोलगहवेला जंक्शनला उतरून नारळीच्या बागांतून चालू लागा. घरं साधी, अंगणं झाडलेली. दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा थोडं बरं, पण देश गरीबच. तरी समोरून पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचा घोळका येतो आणि तुमची पावलं थबकतात. 1945 पासून इथं बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत फी नाही. शिक्षणमंत्री कन्नंगरांनी ते रेटून नेलं. बायकांत दहापैकी सात साक्षर. वाटेत सरकारी मिडवाईफ भेटते. कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाचं बाळ अशक्त आहे, तिला घराघराचं ठाऊक. वर्षाच्या आत जाणारी मुलं हजारी 50 हूनही कमी. सरासरी आयुष्य 65 च्या घरात, आपलं पन्नाशीच्या आसपास.

हे आपोआप झालेलं नाही. माणसाला मताचा अधिकार इथं 1931 सालीच मिळाला, बायकांसकट. 1953 मध्ये शिध्याच्या तांदळाचा भाव वाढवला तेव्हा देशभर हरताळ पडला आणि पंतप्रधान डडली सेनानायकांना पायउतार व्हावं लागलं. तेव्हापासून तांदळाच्या मापाला हात लावताना प्रत्येक सरकारचा हात कापतो.

पण इतक्यात भारावू नका. परदेशी चलन आटलंय, पावासाठी रांगा आहेत, तांदूळ नेताना वाटेत पिशव्या तपासतात. शिकलेल्या पोरांना नोकऱ्या नाहीत. त्यातल्याच हजारोंनी एप्रिल 1971 मध्ये बंड केलं आणि ते रक्तात बुडवलं गेलं.

आणि मग गाडीनं वर हॅटनला जा. चहाच्या मळ्यात मुंबईच्या चाळीसारख्या एकाला एक लागून खोल्या, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. इंग्रजांनी आणलेल्या तमिळ मजुरांची ही नातवंडं-पतवंडं. 1948 च्या कायद्यानं त्यांचं नागरिकत्व गेलं. 1964 मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ यांनी करार करून त्यांची वाटणी केली, सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे. त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नाही. इथली शाळा चार-दोन इयत्तांची, आणि बालमृत्यू खालच्या गावांच्या दुपटीच्या घरात. पोलगहवेल्याचं कौतुक करणाऱ्यानं हॅटन टाळू नये. माझ्या मते दोन देशांमधल्या अंतराइतकंच हे अंतर बोलकं आहे: मत नाही, तिथं मिडवाईफही पोचत नाही.

सहा वर्षं पुढे या. 1979 मध्ये मॉरिस डी. मॉरिस हे अमेरिकी अर्थ-इतिहासकार साक्षरता, बालमृत्यू आणि वर्षाच्या बाळाचं अपेक्षित आयुष्य एवढ्या तीनच गोष्टींवर देशांना शंभरापैकी गुण देतात. उत्पन्न मोजतच नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या कामगारांवर ग्रंथ लिहिलेला हा माणूस. गरिबी त्यांना कागदावरच ठाऊक होती असं नव्हे. श्रीलंकेला 80 च्या वर गुण, भारताला त्याच्या साधारण निम्मे. मुलगी म्हणून जन्मायचं असतं तर मी डोळे मिटून पोलगहवेला निवडलं असतं, मळा सोडून.

त्याच 1979 च्या 26 जानेवारीला महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा लागू झाला. आणि त्याच वर्षी श्रीलंकेनं तांदळाचा शिधा मोडीत काढून त्याजागी कुपनं आणली.