पहिल्या धारेचे : मोहफुलाच्या दारूचा एक इतिहास

एखाद्या अस्सल विनोदाला किंवा रांगड्या कवितेला दाद देताना आपण तिला ‘पहिल्या धारेची’ म्हणतो. समीक्षेच्या भाषेतही हा शब्दप्रयोग सुखाने नांदतो. तो आला मात्र भट्टीवरून. दारू गाळताना नळीतून आधी जी धार येते ती सर्वांत कडक असते, नंतरची उत्तरोत्तर फिकी होत जाते. ज्या उद्योगाला कायद्याने गुन्हा ठरवले आणि ज्याचे नाव पांढरपेशा घरांत हलक्या आवाजात घेतले जाते, त्याच उद्योगाकडून आपण अस्सलपणाचे माप उसने घेतले आहे. या उसनवारीचा हिशेब कधीतरी करायला हवा, असे आम्हांला वाटत आले आहे. आज जगभर ‘क्राफ्ट’ या नावाखाली थोड्या प्रमाणात, हाताने गाळलेल्या मद्यांना प्रतिष्ठा आणि भरभक्कम किंमत मिळू लागली आहे. अशा वेळी गोंदिया जिल्ह्यातल्या मोहाच्या झाडाखाली उभे राहून तो हिशेब मांडणे अधिकच अगत्याचे ठरते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा. सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत मार्च लागला की मोह फुलू लागतो. ‘फुलतो’ म्हणण्यापेक्षा ‘गळतो’ म्हणणे खरे, कारण या झाडाचे फूल खुडावे लागत नाही. मांसल, फिकट पिवळी, रसाने भरलेली फुले पहाटे आपोआप खाली पडतात आणि उजाडण्याच्या आत बायकापोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. उशीर झाला तर ऊन चढते, गुरे येतात. त्याआधी येणारे अस्वल हा तर जुनाच वाटेकरी. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे आणि त्यातून वणवेही लागतात. अंगणात पसरून वाळवलेली फुले मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. त्या दिवसांत वर्गातली हजेरी का रोडावते, हे या भागात शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना कुणी सांगावे लागत नाही.

या फुलांची दारूच होते असे नाही. ती भाजून, शिजवून, कुटून खातात. दुष्काळात कित्येक घरे त्यांवर तगली. बियांचे तेल काढतात. तरीही देवाला वाहायला, लग्नात पाहुण्यांना द्यायला आणि मयताच्या विधीला गोंड समाजात मोहाची दारू लागते. त्यामुळे ती गाळण्याचे ज्ञान घराघरांत राहिले.

ही कृती दिसायला सोपी आहे. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालायची. फुलांतल्या साखरेवर किण्व काम करू लागते, फेस येतो, बुडबुडे उठतात आणि उन्हाळ्यात काही दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा ते आंबवण तयार होते. पोलिसांच्या पंचनाम्यांतून आणि वर्तमानपत्रांतून आपल्याला ठाऊक असलेला ‘सडवा’ तो हाच. फेस बसला, वास पालटला, की तो भांड्यात घालून चुलीवर चढवायचा. भांड्याचे तोंड दुसऱ्या भांड्याने झाकून सांधे ओल्या मातीने लिंपायचे आणि पोकळ बांबूची नळी थंड पाण्यात ठेवलेल्या मडक्याकडे न्यायची. काही ठिकाणी नळीच नसते. वरच्या भांड्यात गार पाणी भरतात. त्याच्या बुडाला वाफ थिजते आणि आतल्या भांड्यात ठिबकते. वरचे पाणी तापले की बदलायचे आणि ते किती वेळा बदलले यावर दारूचा कस मोजायचा.

मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळतो, पाणी १०० ला. सगळी विद्या या दोन आकड्यांमध्ये आहे. जाळ मोठा झाला तर पाण्याची वाफ सोबत येते, सडवा करपतो आणि दारूला जळका वास लागतो. मंद ठेवला तर वेळ आणि लाकूड जास्त लागते, पण फुलाचा गंध उतरतो. गाळणारी बाई तापमापक पाहत नाही. ती थेंबांची लय पाहते, बोट लावून चव घेते, चार थेंब विस्तवावर टाकून ज्वाळेचा भडका पाहते. शिवाय अगदी आरंभीच्या अंशात चटकन उडून जाणारी उग्र द्रव्ये अधिक असतात. म्हणून आजचे कसलेले गाळणारे तो बाजूला काढतात, मधला भाग ठेवतात आणि शेवटचा मिळमिळीत भाग पुन्हा भांड्यात घालतात. म्हणजे ‘पहिल्या धारेचे’ ते सर्वांत कडक असते, सर्वांत चांगले असेलच असे नाही. कौशल्य कुठून धरावे आणि कुठे थांबावे हे कळण्यात आहे.

आता शब्दाकडे वळू. झाडाचे ‘मोह’ आणि मनाचा ‘मोह’ हे एकच, असे समजून आपल्याकडे बरेच काव्य झाले आहे. व्युत्पत्ती मात्र वेगळी सांगते. मनाचा मोह ‘मुह्’ धातूपासून आला आणि झाडाचा ‘मधूक’पासून, प्राकृतातल्या ‘महुअ’मार्गे. हा ‘महुअ’ हालाच्या गाथासप्तशतीत भेटतो. तेथे एक स्त्री गोदाकाठच्या मोहाला विनवते, की तुझी फुले हळूहळू गळू दे. फुले वेचण्याच्या निमित्ताने तिला संकेतस्थळी येता येते, हे तिचे गुपित. म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत मोहफूल वेचणारी बाई कवितेची नायिका होती. कालिदासाने पार्वतीच्या विवाहशृंगारात मोहफुलांची माळ घातली आहे. चरकसंहितेत ८४ आसवांची गणना आहे. त्यांतल्या फुलांपासून होणाऱ्या आसवांत मधूक आहेच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे मद्यावर राज्याची पकड करडी आहे: कुठे विकावे, किती विकावे, कुणाला विकावे, सारे ठरलेले. तरीही कुटुंबांना काही प्रसंगी स्वतःपुरते मद्य करण्याची मोकळीक आहे, आणि उत्सव, समाज व यात्रा यांसाठी चार दिवस मद्य करण्याची परवानगी द्यावी असे सांगितले आहे. ही चार दिवसांची तरतूद आम्हांला फार महत्त्वाची वाटते. महसुलावर डोळा ठेवूनही विकण्याची दारू आणि विधीची दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या कठोर शास्त्रकाराने ओळखले होते.

हा भेद इंग्रजी अमलात पुसला गेला. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि भंडारा त्याचा एक जिल्हा होता. आरंभी गावोगावच्या छोट्या भट्ट्यांचे ठेके लिलावाने दिले जात. ठेकेदार ठरलेली रक्कम भरे आणि हवी तेवढी दारू गाळून विकी. सरकारला यात एक अडचण होती: किती दारू निघाली हे कळत नसे, म्हणून दर गॅलनामागे कर बसवता येत नसे. उत्पादन एका भिंतीआड आणले की मोजणे सोपे होते. म्हणून मोठ्या, बंदिस्त भट्ट्यांकडे धोरण वळले आणि १९०५-०६च्या अबकारी समितीनंतर हा कल पक्का झाला. लहान भट्टी निकृष्ट ठरली ती चवीच्या कसोटीवर नव्हे, मोजणीच्या कसोटीवर.

मुंबई इलाख्यात तर याहून पुढची मजल गाठली गेली. १८७८चा अबकारी कायदा झाला, तरी ठाणे-कुलाब्याच्या जंगलपट्ट्यात घरोघरी दारू गाळली जातच राहिली. तेव्हा १८९२ साली ‘म्हौरा ॲक्ट’ करून मोहफुलाच्या संग्रहावर आणि विक्रीवरच बंधने घातली गेली. दारू दूर राहिली, झाडावरून गळणारे फूलच संशयित झाले. त्याच काळात उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून मोहाचीच दारू परवान्यानिशी बाहेर पडत होती. फूल तेच, दारू तीच, फरक मालकीचा. दक्षिण गुजरातच्या संदर्भात डेव्हिड हार्डिमन यांनी रूढीचे गुन्ह्यात कसे रूपांतर झाले याचा अभ्यास केला आहे. त्याची मूळ कहाणी ही अशी आहे.

स्वातंत्र्यानंतर नीतीची भाषा बदलली, संशय तसाच राहिला. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलाच्या बाळगण्यावर आणि वाहतुकीवर नियंत्रण आले. १९५६ साली भंडारा मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा विदर्भालाही लागू झाला. परवान्याशिवाय फुले साठवणारी म्हातारी, मग तिच्या मनात भाकरी असो की भट्टी, कायद्याच्या नजरेत एकच होती. राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरचे हे निर्बंध उठवले ते २०२१ साली. म्हौरा ॲक्टपासून मोजले तर फुलाच्या सुटकेला १२९ वर्षे लागली. दारू गाळणे अर्थातच गुन्हा राहिले.

नकाशाकडे पाहिले की या गोष्टीचा विलक्षणपणा ध्यानात येतो. गोंदियाच्या उत्तरेस मध्यप्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. त्या दोन्ही राज्यांच्या अनुसूचित क्षेत्रांत आदिवासींना घरगुती वापरापुरती, ठरावीक मर्यादेत दारू गाळण्याची मुभा आहे. गोंदिया पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभांना मादक पदार्थांवर नियंत्रणाचा जो अधिकार दिला, तोही येथे पोचत नाही. १९५६पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच प्रांतात होते. आज तेच फूल, तेच कुळदैवत आणि तीच सोयरीक सीमेच्या अल्याड गुन्हा आहे आणि पल्याड परंपरा.

दरम्यान बाटलीने वेगळीच वाट धरली. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली वारसा-पेय म्हणून मान्यता मिळाली. तेथे लहान भट्टी बेकायदा ठरली नव्हती, म्हणून वारसा सांगायला ती उरली. मध्यप्रदेशाने २०२२च्या सुमारास मोहाच्या ‘हेरिटेज’ मद्याचे धोरण आणले; अलीराजपूर आणि दिंडोरीच्या बचतगटांची मद्ये ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’ या नावांनी बाजारात आली. महाराष्ट्रातल्या डहाणूच्या एका कंपनीने २०२४ साली मोहाचे उंची मद्य आणले. या बाटल्यांची जाहिरात लहान घाणा, हाताचे काम, रानातले फूल आणि आदिम परंपरा यांची असते. हे गुणवर्णन वाचताना आपल्या भाषेत त्यासाठी एक जुना शब्द आहे, हे आठवल्यावाचून राहत नाही. तो शब्द म्हणजे ‘हातभट्टी’. त्यातला ‘हात’ गुन्ह्याचा आणि ‘क्राफ्ट’मधला हात कलेचा, एवढाच काय तो फरक.

मात्र येथे थांबलो तर आम्ही एक सोयीची कहाणी सांगितल्यासारखे होईल. या दारूने मोडलेली घरे आम्ही पाहिली आहेत. शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी, त्यातही बायकांनी झगडून १९९३ साली जिल्हा दारूमुक्त करून घेतला. त्यांना परंपरेचे मोल कळत नव्हते असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पहाटे फुले वेचणारी, सडवा राखणारी आणि रात्री मार खाणारी बाई पुष्कळदा एकच असते. आणि आज हातभट्टी म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळ ठिकाणी मोह नावालाच उरला आहे. गूळ आणि नवसागर यांनी त्याची जागा घेतली आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. फुलाचा त्यात काही दोष नव्हता. दुसरीकडे सरकारमान्य दुकानातली ‘देशी’ मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून होते. तिच्यात या देशाच्या रानातले काही नसते.

आमच्या मते बंदीच्या बाजूचे आणि बाटलीच्या बाजूचे, दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी आहेत. दोघेही दारूला केवळ विकायची वस्तू समजतात. एकजण ती विक्री थांबवू पाहतो, दुसरा तिची किंमत वाढवू पाहतो. कौटिल्याने ओळखलेला तिसरा प्रकार दोघांच्याही नजरेतून निसटतो. विधीची दारू थोडी होती, कारण प्रसंग थोडे होते. लहान घाणा ही तेथे चवीची चैन नव्हती, मर्यादा होती. देवापुढे शिंपडलेल्या चार थेंबांनी पिण्याला आरंभ आणि शेवट दोन्ही दिले होते. रोजची, रोख पैशाची, दुकानातली दारू आली तेव्हा ती मर्यादा तुटली, आणि ती तोडण्यात महसुलाचा वाटा लहान नाही.

उद्या गोंदियाच्या मोहाचीही बाटली निघेल. तिच्यावर जंगलाचे चित्र असेल आणि शहरातली रसिक माणसे तिचा गंध वाखाणतील. त्यात वाईट काही नाही. फक्त आम्ही त्या बाटलीला दोन प्रश्न विचारू. पहाटे फुले वेचणाऱ्या बाईला तिच्या किमतीतले किती मिळाले? आणि आपल्या गावात भट्टी कधी पेटावी, कधी विझावी, हे ठरवण्याचा अधिकार तिला आहे का? जाळ किती ठेवावा आणि धार कुठे थांबवावी, हे तिला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्यांनी तिला वेळोवेळी गुन्हेगार, अजाण किंवा आदिम ठरवले, त्यांना मात्र ते अजून शिकायचे आहे.