केनियाची सफारी: निघण्याआधी लस आणि गोळ्या, परतल्यावर तापाकडे लक्ष

मसाई मारा, नाकुरू, अंबोसेली असा आठ दिवसांचा कार्यक्रम ठरतो, पैसे भरले जातात, दुर्बीणसुद्धा विकत घेऊन होते. मग निघायला पाच दिवस उरले असताना फोन येतो, "डॉक्टर, काही लस वगैरे लागते का?" लागते, आणि पाच दिवस त्यासाठी पुरत नाहीत. सफारीला जायचे असेल तर निदान सहा आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा.

पिवळ्या तापाची लस

पिवळा ताप, म्हणजेच यलो फीवर, डासांमुळे पसरतो. तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडेही आहे. डेंग्यू त्याच्यामुळेच होतो. भारतात मात्र हा आजार अजून आलेला नाही. तो येऊ नये म्हणून केनियासारख्या देशातून येणाऱ्या प्रवाशांचे लसीचे प्रमाणपत्र भारतात उतरल्यावर तपासले जाते. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. केनियातून पुढे टांझानियात सेरेंगेटीला जाणार असाल तर तिथेही ते मागतात.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर दिली जाते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रे आहेत. वेळ आधी घ्यावी लागते आणि पासपोर्ट सोबत न्यावा लागतो. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. जुन्या प्रमाणपत्रावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी २०१६ च्या जुलैपासून तीही आजन्म ग्राह्य आहेत, त्यामुळे पिवळे पुस्तक जपून ठेवा.

ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून ती सरसकट सगळ्यांना देता येत नाही. नऊ महिन्यांखालील बाळ, अंड्याची तीव्र ॲलर्जी, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची किंवा संधिवातासाठीची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, थायमस ग्रंथीचा आजार, गर्भारपण, तान्ह्या बाळाला अंगावर पाजणे, यापैकी काहीही असेल तर केंद्रावर जाण्याआधी स्पष्ट सांगा. वयाच्या साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. तो दुर्मीळ आहे, पण निवृत्त आईवडिलांना सोबत नेताना याचा विचार झालाच पाहिजे. लस देता येत नसेल तर डॉक्टर तसे वैद्यकीय पत्र देऊ शकतात, मात्र ते मानायचे की नाही हे समोरचा देश ठरवतो.

अशा घरांना मी दुसरा पर्याय सुचवतो. दक्षिण आफ्रिकेत पिवळा ताप नाही, आणि तिथल्या पिलानेसबर्ग व मडिक्वे या अभयारण्यांत मलेरियाही नाही. (क्रूगरमध्ये आहे.) सिंह, हत्ती, गेंडे तिथेही दिसतात. फक्त विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जात असेल आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल, तर प्रमाणपत्राचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मलेरियाच्या गोळ्या

"आम्ही मुंबईचे, मलेरिया आम्हाला नवा नाही," हे मी नेहमी ऐकतो. आपल्याकडे बऱ्याच जणांना झालेला असतो तो व्हायवॅक्स. केनियात मुख्यतः फाल्सिपेरम आढळतो. तो काही दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो. लहानपणी होऊन गेलेल्या मलेरियाचे संरक्षण तिथे कामाला येत नाही. नैरोबी उंचावर असल्याने शहरात धोका कमी आहे, पण मारात तो आहेच. आपल्या मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या तिथल्या पावसाच्या आसपास येतात, आणि पाऊस म्हटला की डास वाढतात.

तिथे क्लोरोक्विन उपयोगाचे नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायचे असते, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर सात दिवसांपर्यंत. ते दुधासोबत किंवा जेवणासोबत घेतल्यास चांगले शोषले जाते. प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही, आधी मागवून ठेवा. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर ते चालत नाही. वॉरफेरिन सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा. डॉक्सीसायक्लिन स्वस्त पडते, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावे लागते, आणि त्याने उन्हात त्वचा भाजते. उघड्या छताच्या जीपमध्ये हे लक्षात ठेवा. आठ वर्षांखालील मुलांना आणि गर्भवतींना ते देत नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायचे मेफ्लोक्विन नैराश्य किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांनी टाळावे.

सर्वाधिक चूक होते ती परतल्यावर. घरी आलो, डास संपले, म्हणून गोळ्या बंद होतात. डासाने सोडलेले जंतू तेव्हा यकृतातून रक्तात यायचे असतात. उरलेल्या गोळ्या त्यांच्यासाठीच आहेत.

संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घाला. निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्से-त्से माशी आकर्षित होते.

मधुमेह, रक्तदाब असेल तर

सफारीची पहिली फेरी पहाटे सहाच्या सुमारास निघते आणि नाश्ता अनेकदा नऊनंतर मिळतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी निघालात तर जीपमध्येच साखर उतरेल. डोस नाश्त्याबरोबर घेण्याविषयी आधी विचारून घ्या. खिशात साखर, बिस्किटे ठेवा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत असावे, उन्हात उभ्या गाडीत नको. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळही ठरवून घ्या, कारण अभयारण्यात कुठेही गाडीतून उतरता येत नाही.

औषधे कॅरीबॅगमध्ये बांधू नका. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशवी घ्या आणि औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. विमा घेताना जुने आजार लपवू नका. मारातून रुग्णाला नैरोबीला विमानाने हलवावे लागू शकते, तो खर्च विम्यात धरला आहे का ते बघा.

परतल्यावर ताप आला तर

तिथे पोहोचल्यापासून सात दिवसांच्या आत आलेला ताप सहसा मलेरियाचा नसतो. त्यानंतर, विशेषतः परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत, आलेला कोणताही ताप मलेरियाच समजून त्याच दिवशी रक्त तपासा. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही. पॅरासिटॅमॉल घेऊन दोन दिवस वाट पाहू नका. पावसाळ्यात डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंग्यू आणि व्हायरल येते, म्हणून दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य "मी केनियाहून आलोय" हे असू द्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप टिकून राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी ती पुन्हा करायला सांगा. गुंगी, कावीळ, धाप किंवा लघवी कमी होणे यापैकी काही दिसले तर थेट रुग्णालयात जा, आणि सोबत फिरलेल्या बाकीच्यांनाही कळवा.