सायकलस्वाराचे कान आणि हेडफोन

सायकलीला आरसा क्वचितच असतो. मागून काय येत आहे, हे स्वाराला प्रामुख्याने कानांनीच कळते. त्यामुळे सायकल चालवताना हेडफोन लावावेत की नाही, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

हैदराबादमधील आबिड्सचा परिसर उदाहरणादाखल घेता येईल. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून त्याला हे नाव पडले. रविवारी पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. एरवी बस, रिक्षा आणि दुचाक्यांच्या गर्दीतून सायकलस्वाराला वाट काढावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे. हॉर्नच्या गजरात ती कितपत पाळली जाते, हे तेथे दोन मिनिटे उभे राहिल्यावर समजते. अशा कोलाहलात गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो आणि उपयोगाचे आवाज त्याखाली बुडतात.

आवाज कोणत्या बाजूने आला, हे मेंदू दोन्ही कानांवर तो पोहोचण्यातील सूक्ष्म अंतरावरून ताडतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. एकच कान मोकळा ठेवला, तर हॉर्न ऐकू येतो. दिशा मात्र नीट उमगत नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कानात घट्ट बसणारे इअरफोन सर्वांत घातक ठरले. एका कानातील साध्या इअरफोनने ऐकण्यात विशेष बाधा आली नाही. पण तेथील सायकलमार्ग आणि आबिड्सचा रस्ता यांची बरोबरी करणे धाडसाचे आहे. बाहेरचा गोंगाट दाबणारे हेडफोन तर इंजिनाची घरघरच आधी पुसून टाकतात. विजेवर चालणारी वाहने मुळातच मंद आवाजाची, हेही ध्यानात घ्यावे.

हैदराबादच्याच बाह्य वळण रस्त्यालगत २०२३ मध्ये सुरू झालेल्या सुमारे २३ किलोमीटरच्या स्वतंत्र सायकलमार्गावर मोटारींचा धोका पुष्कळ कमी. गोव्यातील अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांची गोष्ट निराळी. येथे वळणापलीकडची बस दिसण्याआधी ऐकू येते.

फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून सायकलस्वारांनाही इअरफोन लावण्यास मनाई केली. दंड १३५ युरो. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकणे बेकायदा आहे, एक मोकळा असल्यास चालतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत पायडलची सायकल येत नाही. म्हणून हेडफोन लावलेल्या सायकलस्वाराला या कायद्यातील चालकांसाठीच्या तरतुदी सहसा लागू होत नाहीत. मात्र मोटारीने धडक दिल्यास नुकसानभरपाईच्या दाव्यात स्वाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा मुद्दा उपस्थित होऊ शकतो आणि तो सिद्ध झाल्यास भरपाईची रक्कम त्या प्रमाणात घटते.