विश्लेषण : कराराची पाच वर्षे शिल्लक, तरी क्लब बदलला! ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील खेळाडूंच्या अदलाबदलीचे गणित काय?

नोव्हेंबर २०२० मध्ये मेलबर्नच्या कॉलिंगवूड फुटबॉल क्लबने अवघ्या काही दिवसांत चार खेळाडू इतर क्लबांना देऊन टाकले. त्यांपैकी ॲडम ट्रेलोअरच्या कराराची पाच वर्षे शिल्लक होती आणि आपल्याला क्लब सोडायचा नाही, हे त्याने जाहीरपणे सांगितले होते. दोन वर्षांनी ब्रॉडी ग्रंडीलाही जावे लागले. त्याचा करार तर २०२७ पर्यंतचा होता. पुढच्याच वर्षी कॉलिंगवूडने विजेतेपद पटकावले. दीर्घ करार असूनही खेळाडू क्लबमधून बाहेर कसा पडतो आणि करारांच्या अफवांनी तिथली वृत्तपत्रे वर्षभर का भरलेली असतात, हे समजून घेण्यासाठी कॉलिंगवूडचे उदाहरण बोलके आहे.

हा खेळ कोणता, हा क्लब कोणता?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल लंबवर्तुळाकार मैदानावर, लांबट चेंडूने खेळला जातो. प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू मैदानात असतात. त्याची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग अर्थात एएफएल. सध्या तीत १८ क्लब आहेत आणि हंगाम साधारण मार्च ते सप्टेंबर असा चालतो. भारतीय क्रिकेटप्रेमींना परिचित असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हिवाळ्यात याच खेळाने गजबजते. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलिंगवूडचे हेच घरचे मैदान. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीतला हा क्लब ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक पाठीराखे असलेल्या क्लबांपैकी एक आहे. त्यामुळे तिथल्या कराराची साधी कुजबुजही मोठी बातमी होते.

खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्यात कसे जातात?

आयपीएलसारखा लिलाव एएफएलमध्ये नसतो. नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून येतात. १९८६ पासून सुरू असलेल्या या पद्धतीत क्लब ठरावीक क्रमाने तरुण खेळाडू निवडतात. तळाच्या क्लबला सर्वांत आधी निवडीची संधी मिळते, म्हणजे दुबळा संघ कायम दुबळा राहू नये. या क्रमांकाला ‘पिक’ म्हणतात. पिक म्हणजे जणू चलनच. क्लब ती एकमेकांना देतात आणि पुढच्या वर्षीचीही गहाण टाकल्यासारखी वापरतात.

हंगाम संपल्यावर साधारण दीड आठवड्याचा ‘ट्रेड पिरियड’ असतो. या काळात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा पिक यांची देवघेव होते. युरोपातील फुटबॉलप्रमाणे रोख रक्कम मोजून खेळाडू विकत घेता येत नाही. तिसरा मार्ग ‘फ्री एजन्सी’चा. तो २०१२ मध्ये खुला झाला. एकाच क्लबमध्ये आठ किंवा त्याहून अधिक वर्षे काढलेल्या खेळाडूला करार संपल्यावर अन्यत्र जाता येते. तो क्लबमधील सर्वाधिक पगार घेणाऱ्यांपैकी असेल, तर जुन्या क्लबला तेवढ्याच रकमेचा प्रस्ताव देऊन त्याला रोखता येते.

या सर्वांत एक नियम खेळाडूच्या बाजूने आहे. त्याच्या संमतीशिवाय क्लब त्याला दुसरीकडे पाठवू शकत नाही. कागदोपत्री तरी खेळाडू सुरक्षित असतो.

सॅलरी कॅप म्हणजे काय?

प्रत्येक क्लबने वर्षभरात सर्व खेळाडूंना मिळून किती पगार द्यायचा, याची कमाल मर्यादा लीग ठरवते. हीच सॅलरी कॅप. २०२० च्या सुमारास ती सुमारे १ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती आणि त्यात चाळीसच्या आसपास खेळाडू सांभाळायचे होते. मर्यादेच्या किमान ९५ टक्के खर्च करणेही बंधनकारक असते. त्यामुळे श्रीमंत क्लबला पैशाच्या जोरावर संघ उभारता येत नाही आणि गरीब क्लबला हात आखडता घेता येत नाही.

मर्यादा सांभाळायची असल्याने पगाराच्या वर्षवार वाटणीला मोठे महत्त्व येते. एखाद्याला पाच वर्षांत ४० लाख डॉलर द्यायचे ठरले, तर दरवर्षी ८ लाख देता येतात. सुरुवातीला अधिक देऊन पुढे भार हलका करता येतो किंवा आज कमी देऊन रक्कम पुढच्या वर्षांवर ढकलता येते. शेवटचा पर्याय सर्वांत मोहक असतो. आजचा संघ तगडा होतो, बिल मात्र उद्याच्या व्यवस्थापनाकडे जाते. उधारीवर सण साजरा करण्यासारखाच हा प्रकार.

कॉलिंगवूड अडचणीत कसा आला?

२०१८ च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूड वेस्ट कोस्ट ईगल्सकडून अवघ्या पाच गुणांनी हरला. विजेतेपद हाताच्या अंतरावर आहे, असे वाटण्यासारखीच ही स्थिती होती. मग हा संघ टिकवायचा आणि त्यात भर घालायची, असे धोरण ठरले. त्याच वर्षी डेन बीम्सला ब्रिस्बेनहून परत आणले गेले आणि त्यासाठी पहिल्या फेरीची दोन पिक मोजली गेली. बीम्स २०१९ मध्ये मोजकेच सामने खेळू शकला आणि मानसिक आरोग्याच्या कारणास्तव २०२० मध्ये निवृत्त झाला.

ट्रेलोअरही स्वस्तात आलेला नव्हता. २०१५ मध्ये त्याला ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून घेताना पहिल्या फेरीची दोन पिक द्यावी लागली होती. २०२० च्या सुरुवातीला क्लबने ग्रंडीशी सात वर्षांचा करार केला. उंचपुरा ग्रंडी ‘रक’ या जागेवर खेळतो. पंचाने वर उडवलेला चेंडू आपल्या सहकाऱ्यांकडे वळवणे हे रकचे काम. तेव्हा तो या जागेवरील देशातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक मानला जाई. माध्यमांतील वृत्तांनुसार त्याचा वार्षिक पगार १० लाख डॉलरच्या आसपास होता.

त्यानंतर काही आठवड्यांतच करोनाची साथ आली. स्पर्धा थांबली, प्रेक्षकांविना उत्पन्न आटले, खेळाडूंच्या पगारात कपात झाली आणि पुढच्या वर्षांची मर्यादाही आकसली. पुढे ढकललेली बिले आता लहान झालेल्या पाकिटातून भरायची होती.

नोव्हेंबर २०२० मध्ये नेमके काय घडले?

ट्रेड पिरियडमध्ये कॉलिंगवूडने विंगवर खेळणारा टॉम फिलिप्स हॉथॉर्नला दिला आणि बदल्यात ६५ क्रमांकाचे पिक घेतले. इतक्या खालच्या पिकची किंमत नाममात्रच असते. २०१८ चा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरलेला जेडन स्टीव्हनसन आणि तरुण आटू बोसेनावुलागी नॉर्थ मेलबर्नला गेले.

सर्वाधिक गाजला तो ट्रेलोअरचा सौदा. त्याची जोडीदार नेटबॉल खेळाडू होती. ती क्वीन्सलँडमधील संघात जाणार होती आणि त्यांची मुलगी लहान होती. घरापासून दूर राहून तो पूर्ण ताकदीने खेळू शकेल का, असा प्रश्न क्लबने पुढे केला. आपण हे निभावून नेऊ, असे ट्रेलोअरचे म्हणणे होते. पगाराचा ताण हे खरे कारण असल्याचे मानणाऱ्या पाठीराख्यांचा संताप झाला. अखेर मुदत संपता संपता तो वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला. ट्रेलोअरसोबत तीन पिक देऊन कॉलिंगवूडने १४ क्रमांकाचे पिक आणि पुढच्या वर्षीचे दुसऱ्या फेरीचे पिक घेतले. शिवाय त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवूडनेच भरायचे ठरले. वृत्तांनुसार ही रक्कम वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर होती. प्रतिस्पर्धी क्लबकडून खेळणाऱ्या खेळाडूचा पगार अंशतः आपल्या तिजोरीतून, अशी ही स्थिती होती.

संमतीचा नियम असताना नकार का देता येत नाही?

नियमानुसार ट्रेलोअरला नकार देता आला असता. पण नकार दिल्यावर काय, हा खरा प्रश्न असतो. नको असलेल्या खेळाडूला मुख्य संघात जागा द्यायची की दुय्यम संघात खेळवायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. पगार मिळत राहतो, पण खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांचीच असते आणि त्यातील एक वर्ष बाकावर घालवणे परवडत नाही. ‘तुझी गरज नाही’ हे एकदा कळल्यावर संमती ही बहुधा औपचारिकता उरते.

म्हणजेच दीर्घ करार खेळाडूला पैशाची हमी देतो, जागेची नाही. क्लबच्या बाजूने पाहिले तर करार त्याच्या तिजोरीला बांधून ठेवतो. खेळाडू गेला तरी हिशेबातील रक्कम पूर्णपणे जात नाही. दीर्घ करार नेहमीच फसतात असेही नाही. लान्स फ्रँकलिन २०१३ च्या अखेरीस सिडनी स्वान्सकडे नऊ वर्षांसाठी, सुमारे १ कोटी डॉलरच्या करारावर गेला आणि त्याने तो पूर्ण केला. त्याला हजारावा गोलही तिथेच मिळाला.

ग्रंडीच्या बाबतीत काय झाले?

२०२१ मध्ये कॉलिंगवूड १८ पैकी १७ व्या स्थानी घसरला. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक नेथन बकली पायउतार झाले आणि नंतर क्रेग मॅक्रे आले. २०२२ मध्ये ग्रंडी दुखापतीमुळे बराच काळ बाहेर राहिला आणि त्याच्याविनाही संघ जिंकत गेला. उपांत्य फेरीत तो सिडनीकडून केवळ एका गुणाने हरला. एका रकवर इतका खर्च करायचा का, या प्रश्नाचे उत्तर मैदानानेच दिल्यासारखे झाले. त्या वर्षी ग्रंडी २७ क्रमांकाच्या पिकच्या बदल्यात मेलबर्न क्लबला गेला आणि पुन्हा एकदा पगाराचा काही भाग कॉलिंगवूडकडेच राहिला. मेलबर्नकडे मॅक्स गॉनसारखा दिग्गज रक आधीच होता. ग्रंडीला तिथे दुय्यम संघात खेळावे लागले आणि वर्षभरातच तो सिडनीला गेला.

अफवांचे पीक इतके का येते?

एएफएल खेळाडूंचे वैयक्तिक पगार जाहीर करत नाही. कोणत्या पगारगटात किती खेळाडू आहेत, एवढीच आकडेवारी लीग देते. त्यामुळे छापून येणारे बहुतेक आकडे खेळाडूंचे एजंट, क्लबचे अधिकारी आणि पत्रकार यांच्या बोलण्यातून बाहेर आलेले असतात. यांतील प्रत्येकाचा आपापला हेतू असतो. ‘अमुक क्लब उत्सुक आहे’ ही बातमी एजंटाच्या फायद्याची, कारण तिने सध्याच्या क्लबवर दबाव येतो. ‘त्याला घराची ओढ लागली आहे’ ही बातमी क्लबच्या फायद्याची असू शकते, कारण तिने पाठवणीची जमीन तयार होते.

सगळ्याच अफवा खऱ्या होत नाहीत. २०२२ मध्ये जॉर्डन डी गोईचे नाव सेंट किल्डाशी सतत जोडले जात होते. प्रत्यक्षात त्याने कॉलिंगवूडशीच पाच वर्षांचा करार केला. म्हणून बातमी वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, खेळाडूचा करार कधी संपतो. दोन, त्याच्या क्लबला पुढच्या दोन-तीन वर्षांत किती मोठे पगार द्यायचे आहेत. अफवेपेक्षा हे दोन तपशील अधिक सांगून जातात.

मग या सौद्यांत जिंकले कोण?

ट्रेलोअर पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये बुलडॉग्जकडून अंतिम सामना खेळला. बुलडॉग्ज हरले, पण २०२४ मध्ये त्याची हंगामातील सर्वोत्तम संघात, म्हणजे ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ संघात निवड झाली. कॉलिंगवूडने २०२० च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडलेला ऑलिव्हर हेन्री दोन हंगामांनी स्वतःच जिलाँगला निघून गेला. केवळ एवढेच पाहिले तर सौदा तोट्याचा वाटतो.

पण मोकळ्या झालेल्या हिशेबाचे फळ नंतर मिळाले. ग्रंडी गेला त्याच वर्षी बॉबी हिल, टॉम मिचेल, डॅन मॅकस्टे आणि बिली फ्रॅम्प्टन आले. त्याआधी २०२१ मध्ये माजी खेळाडूंच्या मुलांसाठी असलेल्या नियमानुसार पीटर डेकॉस यांचा मुलगा निक क्लबमध्ये दाखल झाला होता. ३० सप्टेंबर २०२३ रोजी एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवले आणि १६ वे विजेतेपद मिळवून कार्लटन व एसेंडन यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. अंतिम सामन्याचा मानकरी ठरला चार गोल करणारा बॉबी हिल.

त्या संघात जॅक क्रिस्प आणि डी गोई हेही होते. बीम्स २०१४ मध्ये ब्रिस्बेनला गेला, तेव्हा त्याच्या बदल्यात क्रिस्प आला होता आणि त्याच सौद्यातील पाचव्या क्रमांकाच्या पिकवर डी गोईची निवड झाली होती. एका सौद्याचा पूर्ण हिशेब लागायला नऊ वर्षे गेली.

पुढे काय?

मोठ्या पगाराच्या, दीर्घ कराराच्या खेळाडूंना संमतीशिवाय दुसरीकडे पाठवण्याची मुभा क्लबांना असावी का, यावर तिथे अधूनमधून चर्चा होते. खेळाडू हवे तेव्हा करार असतानाही बदली मागतात, मग हा अधिकार एकतर्फी का, असा बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. दुसरी बाजू ट्रेलोअरकडे बोट दाखवते. संमतीचा नियम असताना त्याची ही गत झाली, तर नियम काढल्यावर खेळाडूच्या हाती काय उरेल?